मधाचा वाटाड्या

आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर सोफाला नावाचे एक जुने बंदर आहे. सोळाव्या शतकात तिथे पोर्तुगिजांचा किल्ला होता, आतल्या मुलखातून येणाऱ्या सोन्यावर आणि हस्तिदंतावर त्यांचा डोळा होता, आणि किल्ल्याच्या आश्रयाने डोमिनिकन पंथाचे पाद्री धर्मप्रसाराचे काम करत होते. त्यांपैकी एक जुआंव दोस सांतोस. हा मनुष्य १५८६ मध्ये आफ्रिकेत उतरला. धर्मोपदेशकाचे काम त्याने केलेच, पण त्याला आजूबाजूला पाहण्याचीही सवय होती. १५८८ मध्ये त्याच्या पाहण्यात आले की एक लहानसा पक्षी चर्चमध्ये शिरतो आणि मेणबत्त्यांचे मेण टोचून खातो. कॅथलिक उपासनेत वेदीवरची मेणबत्ती मधमाश्यांच्या मेणाचीच असावी असा दंडक होता. पक्ष्याला धर्माशी कर्तव्य नव्हते. त्याला मेणाची पारख होती.

दोस सांतोसने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. या मुलखात एक पक्षी माणसाला मधाच्या मोहोळापर्यंत घेऊन जातो. तो माणसाजवळ येऊन ओरडतो, या झाडावरून त्या झाडावर जात पुढे पुढे सरकतो, आणि माणूस मागोमाग गेला की त्याला पोळ्याशी नेऊन सोडतो. माणूस मध काढतो, उरलेले पक्षी खातो. हा सगळा मजकूर असलेला त्याचा ग्रंथ, ‘एथिओपिआ ओरिएंटाल’, १६०९ मध्ये पोर्तुगालमधील एव्होरा येथे छापला गेला. दोस सांतोस पुढे गोव्यात आला, मध्यंतरी मायदेशी जाऊन पुन्हा परतला आणि १६२२ मध्ये गोव्यातच वारला. यात नवल वाटायला नको. तेव्हा मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले, आणि ही व्यवस्था १७५२ पर्यंत टिकली. आफ्रिकेच्या रानातील या पक्ष्याची युरोपला पहिली ओळख करून देणारा लेखक आपल्या मांडवीच्या काठी मातीत मिसळला, एवढा धागा आपल्याला या गोष्टीशी बांधायला पुरे आहे.

आपल्याकडे हा पक्षी नसल्याने त्याला मराठीत रूढ नाव नाही. इंग्रजी नावाचे भाषांतर करून ‘मधुदर्शक’ म्हणता येईल, पण ते फार सोवळे वाटते. अनोळखी मुलखात वाट दाखवायला बरोबर घेतलेल्या माणसाला आपण वाटाड्या म्हणतो, आणि हा पक्षी नेमके तेच काम करतो. तेव्हा इथे त्याला वाटाड्याच म्हणू. दिसायला तो अगदीच सामान्य. लांबी वीतभर, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, रंग वरून मातकट आणि खालून फिकट, शेपटीच्या कडांना पांढरी पिसे. नराचा गळा काळा आणि चोच गुलाबी. बाभळीच्या फांदीवर तो बसला असता कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. फक्त त्याचा माणसाला बोलावण्याचा आवाज वेगळा आहे: अर्धी भरलेली काड्यापेटी कानाशी धरून जोरात हलवावी तसा.

सोळाशेबावीस साली, म्हणजे दोस सांतोस वारला त्याच वर्षी, जेरोनिमो लोबो हा पोर्तुगीज जेझुइट गोव्यात आला. तिथून तो पुढे इथिओपियात गेला आणि तिथल्या मध दाखवणाऱ्या पक्ष्याचे वर्णन त्यानेही केले. त्याने पक्ष्याचे नाव ‘मोरोक’ असे दिले आहे. लोबोचा प्रवास फ्रेंचमध्ये गेला, आणि त्या फ्रेंचवरून १७३५ मध्ये तो इंग्रजीत आणला सॅम्युअल जॉन्सन या तरुणाने. इंग्रजी कोशकार म्हणून पुढे गाजलेल्या डॉक्टर जॉन्सनचे हे पहिले पुस्तक. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील शिकल्यासवरल्या माणसाला ही गोष्ट ऐकून माहीत असणे शक्य होते. पण ऐकणे वेगळे आणि पटणे वेगळे. प्रवाशांच्या पुस्तकांत कुत्र्याच्या तोंडाची माणसे असत, सोने खणणाऱ्या मुंग्या असत, आणि त्यांच्याच रांगेत हा मधाची वाट दाखवणारा पक्षी बसला होता.

त्याला त्या रांगेतून काढून शास्त्राच्या दालनात बसवले अँडर्स स्पार्मान या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने. स्पार्मान हा लिनियसचा शिष्य. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत तो जगाची प्रदक्षिणा करून आला आणि १७७५-७६ मध्ये केपच्या वसाहतीतून आतल्या भागात गेला. तिथे खोइखोइ वाटाड्यांसोबत फिरताना त्याने हा पक्षी प्रत्यक्ष काम करताना पाहिला. १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कोकिळांच्या कुळात घालून ‘कुकुलस इंडिकेटर’ असे नाव दिले. कूळ चुकले, कारण हे पक्षी सुतार पक्ष्यांचे नातेवाईक आहेत. पण या चुकीतही एक गंमत आहे. कोकिळेसारखीच वाटाड्याची मादीही आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालते. त्याविषयी पुढे येईलच.

स्पार्मानच्या प्रवासवर्णनातली एक हकिगत मला त्याच्या शास्त्रीय वर्णनाहून मोलाची वाटते. नमुना म्हणून त्याला हा पक्षी मारून हवा होता. सोबतच्या खोइखोइ लोकांना त्याने काचेचे मणी आणि तंबाखू देऊ केली, आणि पक्षी मारायला मदत करा असे सांगितले. त्यांनी नकार दिला. पक्षी त्यांच्या मैत्रीतला होता, आणि मित्राशी दगा करायला ते तयार नव्हते. विशेष म्हणजे या नकाराचा आपल्याला आनंद झाला, असे स्पार्मानने स्वतःच नोंदवले आहे. वसाहतकाळातल्या प्रवासवर्णनांत स्थानिक माणसाच्या ‘नाही’ला इतक्या मोकळ्या मनाने दिलेली जागा क्वचितच सापडते.

तरी शंका मिटल्या नाहीत. इथिओपियात राहून आलेला स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस याने १७९० मध्ये आपला पाच खंडांचा ग्रंथ काढला. त्यात त्याने मोरोक पक्ष्याचे चित्र दिले, पण मधाची वाट दाखवण्याची गोष्ट उडवून लावली आणि लोबो व स्पार्मान या दोघांनाही खोटे पाडण्याचा प्रयत्न केला. हाच ब्रूस इथिओपियात जिवंत जनावराच्या अंगाचे मांस कापून खाताना आपण लोक पाहिले असे सांगत असे, आणि त्याबद्दल सगळ्या लंडनने त्याला थापाड्या ठरवले होते. स्वतः अविश्वासाने पोळलेला माणूस दुसऱ्याच्या खऱ्या गोष्टीवर तितक्याच सहजपणे अविश्वास दाखवतो.

अविश्वासाची ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की जी गोष्ट कोणीच धड पाहिली नव्हती, तिच्यावर मात दोनशे वर्षे सगळ्यांनी विश्वास ठेवला. स्पार्मानने ऐकीव माहितीवरून लिहिले की हा पक्षी रॅटेल या प्राण्यालाही मोहोळ दाखवतो. रॅटेल म्हणजे मध खाण्याबद्दल प्रसिद्ध असलेला एक अंगाने जाड, स्वभावाने बेडर, पाठीवर पांढरट झूल घातल्यासारखा दिसणारा प्राणी. भारतातही तो आहे, आपल्याकडे त्याला चांदी अस्वल म्हणतात. पुढे लहान मुलांच्या पुस्तकांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळीकडे पक्षी आणि रॅटेल यांची जोडी दिसू लागली. माणसाला वाट दाखवण्याचे काम पक्षी या प्राण्याकडूनच शिकला असावा, असाही सिद्धांत मांडला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही शास्त्रज्ञांनी विचारले की हे नेमके पाहिले कोणी? रॅटेल बहुतेक रात्री हिंडतो, पक्षी दिवसा. रॅटेलची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नाहीत. पुरावा शोधू गेले तर हातात काही येईना.

मग २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी शेवटी साधा मार्ग धरला. आफ्रिकेतील नऊ देशांतील अकरा समाजांमधील सुमारे चारशे मध काढणाऱ्यांना त्यांनी जाऊन विचारले. शंभरातल्या ऐंशी जणांनी सांगितले की असे आम्ही कधी पाहिलेले नाही. पण टांझानियातील हाड्झा समाजात चित्र उलटे निघाले. तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांनी पक्षी आणि रॅटेल एकत्र पाहिल्याचे सांगितले. म्हणजे गोष्ट पूर्ण खोटी नसावी, एखाद्या मुलखापुरती खरी असावी. रानात रोज जाणाऱ्या माणसांना विचारायला दोनशे चाळीस वर्षे लागली, याचे मात्र मला राहून राहून आश्चर्य वाटते.

या पक्ष्यावरचा पहिला मोठा ग्रंथ १९५५ मध्ये अमेरिकेत निघाला. लेखक हर्बर्ट फ्रीडमन. त्यांनी जुन्या-नव्या सगळ्या नोंदी गोळा केल्या, पक्ष्याची कुळकथा लिहिली, आणि मेण पचवण्याच्या त्याच्या विलक्षण शक्तीचा अभ्यास केला. बहुतेक प्राण्यांना मेण पचत नाही. या कुळातल्या पक्ष्यांना ते पचते आणि त्यांच्या आहाराचा तो मोठा भाग आहे. फ्रीडमन यांनी पक्षी माणसाला नेतो हे मान्य केले, पण तो ठरवून नेतो हे मान्य केले नाही. त्यांच्या मते पक्षी ओरडत ओरडत भटकतो, माणूस मागे येतो, आणि कुठेतरी मधमाश्यांचा आवाज आला की पक्षी थांबतो. आपण कुठे चाललो आहोत हे पक्ष्याला ठाऊक नसते. त्या काळी शास्त्रज्ञांना जनावराच्या मनात हेतू मानायचा धाक वाटे, हे लक्षात घेतले तर फ्रीडमन यांचा सावधपणा समजू शकतो. मात्र पक्ष्यामागे जाणाऱ्या कोणाही मध काढणाऱ्याने याला मान डोलावली नसती.

हे कोडे सुटले १९८९ मध्ये, आणि ते सोडवणारा माणूस त्या मध काढणाऱ्यांच्याच घरातला होता. हुसेन इसाक हे केनियाच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात काम करणारे संशोधक, आणि जन्माने बोराना. बोराना हे उत्तर केनियाच्या कोरड्या माळरानावर गुरे-उंट घेऊन हिंडणारे पशुपालक लोक. इसाक यांनी हाइन्झ-उलरिच रायर या युरोपीय शास्त्रज्ञाबरोबर तीन वर्षे बोराना मध काढणाऱ्यांच्या मागे फिरून मोजमापे घेतली आणि ती ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

बोराना लोकांचे म्हणणे होते की पक्ष्याच्या वागण्यावरून तीन गोष्टी कळतात: पोळे कोणत्या दिशेला आहे, किती लांब आहे, आणि आपण पोचलो केव्हा. पक्षी पहिल्यांदा ज्या बाजूला उडतो ती दिशा. माणूस भेटल्यावर पक्षी एकदा नाहीसा होतो आणि परत येतो. जितका वेळ तो दिसेनासा होतो तितके पोळे लांब. मग वाटेत तो थांबत थांबत जातो. पोळे जवळ येऊ लागले की दोन थांब्यांमधले अंतर कमी होते, आणि तो फांदीवर जरा खाली खाली बसू लागतो. पोचल्यावर त्याचा आवाज बदलतो, मंदावतो, आणि मग तो गप्प होऊन जवळच बसतो. इसाक आणि रायर यांनी या सगळ्या विधानांची पट्टी-घड्याळ घेऊन तपासणी केली आणि ती खरी निघाली. पक्षी जाताना सरळ रेषेत, ठरल्या ठिकाणी जात होता. त्याला पोळे आधीच ठाऊक होते.

त्यांच्या आकड्यांतले दोन इथे दिले पाहिजेत. अनोळखी मुलखात पक्ष्याविना मोहोळ शोधायला बोराना माणसाला सरासरी ८.९ तास लागत. पक्षी असेल तर ३.२ तास. हा माणसाचा फायदा. आणि पक्ष्याने दाखवलेल्या मोहोळांपैकी ९६ टक्के अशी होती की माणसाने फोडल्याशिवाय पक्ष्याला त्यांतले काही मिळालेच नसते. आफ्रिकेतील मधमाशी झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा वारुळात घर करते. पक्षी ती जागा हेरतो, पण त्याच्या चोचीने लाकूड फुटत नाही आणि माश्यांच्या डंखांनी तो मरूही शकतो. माणसाकडे कुऱ्हाड आहे आणि धूर आहे. धुराने माश्या मंदावतात, कुऱ्हाडीने ढोली उघडते. पक्ष्याला ठावठिकाणा माहीत आणि माणसाला दार उघडता येते.

इथे आपल्या वाचकाला प्रश्न पडेल की सह्याद्रीत इतकी मोहोळे असताना आपल्याकडे असा वाटाड्या का नाही. पहिले उत्तर सरळ आहे: त्या कुळातला पक्षीच सह्याद्रीत नाही. पण हिमालयात त्याचा एक चुलतभाऊ आहे, पिवळ्या कमरेचा. १८४२ मध्ये एडवर्ड ब्लाइद याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा पक्षीही मेण खातो, पण माणसाला कुठे नेत नाही. त्याची वस्ती असते ती उंच कड्यांवर लोंबणाऱ्या, हिमालयातल्या मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ. ही पोळी उघड्यावर असतात, ढोलीत बंद नसतात. नेपाळमध्ये १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसले की नर अशा पोळ्याभोवतीची जागा राखून बसतो, दुसऱ्या नराला हुसकावतो, आणि आपल्याशी जोडी जमवणाऱ्या मादीला मेण खाऊ देतो. ज्याला घराचे दार उघडेच सापडते त्याला किल्ली असलेल्या मित्राची गरज काय? माझा तर्क असा की आपल्या आग्या मोहोळासारखी उघडी पोळी जिथे मुबलक, तिथे हा व्यवहार जन्मायला कारणच उरत नाही.

माणसाने मात्र मधासाठी इथेही जिवावर उदार होऊन कडे चढले आहेत. पचमढीच्या परिसरातील शैलाश्रयांत मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत, स्पेनमधल्या एका गुहेतले तसले चित्र तर जगभर पुस्तकांत छापले जाते. आफ्रिकेतला हा सहकार किती जुना असेल याविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत. त्याला धूर हवा, म्हणजे विस्तव हवा, आणि विस्तव माणसाच्या हाती फार पूर्वी आला. काहींचे म्हणणे हा संबंध आपली माणूस म्हणून ओळख पुरी होण्याच्याही आधीचा आहे.

आता या व्यवहारातला मोबदला. पक्ष्याला वाटा द्यावा हे जवळजवळ सगळीकडचे मध काढणारे मानतात. उत्तर मोझांबिकमधील याव लोक पोळे फोडून झाल्यावर पक्ष्यासाठी हिरव्या पानांची शेज मांडून तिच्यावर मेण ठेवतात. वाचताना नैवेद्याची आठवण होते. पण म्हणून हा भूतदयेचा दाखला समजून चालणार नाही. टांझानियातले हाड्झा याच्या अगदी उलट करतात. ब्रायन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की हाड्झा माणूस उरलेले मेण गोळा करून पुरतो, लपवतो किंवा जाळून टाकतो. कारण रोकडे आहे: पक्ष्याचे पोट भरले तर तो पुढच्या मोहोळाकडे नेणार नाही. त्याला उपाशी ठेवले की तो लगेच दुसऱ्या पोळ्याची वाट धरतो. हाड्झांच्या एकूण आहारातला आठ ते दहा टक्के भाग या पक्ष्याच्या मदतीने मिळतो, असाही या अभ्यासाचा हिशोब आहे. म्हणजे एका ठिकाणी मजुराला जेवण देऊन पाठवतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला उद्याही कामावर यावे लागेल एवढेच देतात. दोन्हीकडे काम चालू आहे. मैत्री या शब्दाने हे सगळे झाकण्याचा मोह होतो, पण स्पार्मानला नकार देणारा खोइखोइ आणि मेण जाळणारा हाड्झा एकाच पक्ष्याशी व्यवहार करत होते.

पक्ष्याच्या बाजूनेही हळवे होण्यासारखे काही नाही. मादी वाटाड्या राघूसारख्या बिळात घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या घरात अंडे घालते. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा आंधळे, पिसे नसलेले असते, पण त्याच्या चोचीच्या टोकाला दोन धारदार आकडे असतात. त्या अंधारात ते यजमानाच्या पिल्लांना चावून चावून मारते. झांबियात क्लेअर स्पॉटिसवुड यांनी घरट्यात कॅमेरे ठेवून हे चित्रित केले आणि २०११-१२च्या सुमारास ते जगासमोर आणले. पुढे आकडे गळून जातात.

याच्यातून एक खरा प्रश्न उभा राहतो. ज्या पिल्लाला आईबाप भेटतच नाहीत, वाढवणारे पालक मध खात नाहीत, त्याला माणसाला मोहोळाकडे नेण्याची विद्या कोण शिकवते? ही प्रवृत्ती जन्मजात असली पाहिजे, असे बहुतेकांना वाटे. आणि मोठा भाग तसा असेलही. पण त्याच स्पॉटिसवुड यांनी कीथ आणि कॉलीन बेग यांच्यासह मोझांबिकच्या नियासा राखीव प्रदेशात जे पाहिले त्याने उत्तर अधिक गुंतागुंतीचे केले.

याव लोक पक्ष्याला बोलावताना एक ठरावीक आवाज काढतात. जीभ कंपवून लांब ‘ब्र्र्र’ आणि शेवटी घशातला छोटा ‘ह्म्म’. एरवी हा आवाज ते कधी काढत नाहीत. हा आवाज कुठून शिकला असे विचारल्यावर वडिलांकडून, असे त्यांचे उत्तर. संशोधकांनी रानात चालत तीन तऱ्हेचे आवाज वाजवून पाहिले: हा आवाज, माणसाचे साधे शब्द, आणि होल्याचे घुमणे. साध्या आवाजांना पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता शंभरात ३३ होती, याव आवाजाला ६६. पोळे प्रत्यक्ष हाती लागण्याची शक्यता १६ वरून ५४ वर गेली. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पाळलेला नसलेला, कोणी शिकवलेला नसलेला, पूर्ण रानटी पक्षी माणसाच्या एका विशिष्ट हाकेला ओळखतो आणि हा माणूस कुऱ्हाड घेऊन कामाला निघाला आहे असे समजतो.

हाड्झांची हाक याहून वेगळी. ते शीळ घालतात, सुरांचे चढउतार असलेली. उत्तर केनियाचे बोराना तर बंद मुठीत, गोगलगाईच्या शंखात किंवा ताडाच्या पोखरलेल्या फळात फुंकून एक भेदक शीळ काढतात, ती कोसभर ऐकू जाते. मग २०२३ मध्ये स्पॉटिसवुड आणि वूड यांनी हाका अदलाबदल करून पाहिल्या. टांझानियातले पक्षी हाड्झांच्या शिळेला तिपटीहून अधिक वेळा आले, यावांच्या ‘ब्र्र्र-ह्म्म’ला कमी. मोझांबिकमध्ये याच्या उलट, स्थानिक हाकेला जवळपास दुप्पट. पक्ष्यांना आपापल्या मुलखाची बोली कळते, असाच याचा अर्थ. आणि बोली जन्मतः येत नाही. कुठल्या हाकेच्या माणसामागे मेण मिळते, हे पक्षी आसपासच्या अनुभवातून, बहुधा एकमेकांना पाहून, शिकत असले पाहिजेत. माणसाच्या पोराला बाप शिकवतो, आणि पक्ष्याला ते रान शिकवते ज्यात त्या पोराचा बाप हिंडतो.

रानातल्या मोकळ्या प्राण्याने माणसाबरोबर असे अन्न शोधण्याची उदाहरणे जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ब्राझीलमधील लागुना येथे डॉल्फिन मासे किनाऱ्याकडे हाकलतात आणि पाण्यात विशिष्ट हालचाल करतात. ती दिसली की कोळी जाळे फेकतात. ब्रह्मदेशात इरावतीच्या डॉल्फिनांचा असाच व्यवहार आहे. कलकत्त्याच्या संग्रहालयाचे अधीक्षक जॉन अँडरसन एकोणिसाव्या शतकात तिकडे गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की प्रत्येक गावाचा डॉल्फिन ठरलेला असतो, आणि आमच्या डॉल्फिनने हाकललेले मासे शेजारच्या गावाच्या जाळ्यात गेले म्हणून फिर्यादी होतात. वहिवाटीचे तंटे आपल्या माणसांनाही चांगलेच परिचयाचे आहेत. पण डॉल्फिनावर वहिवाट सांगणारा दावा ऐकायला कोणता न्यायाधीश बसला असेल, हे डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखे आहे.

वाटाड्या पक्षी आजही आफ्रिकेत सहारापासून दक्षिणेला पुष्कळ ठिकाणी आहे. संपत चालले आहे ते त्याचे काम. फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच लिहिले होते की शहरांच्या आसपास आणि शेती वाढलेल्या भागांत पक्षी माणसाला बोलावीनासा झाला आहे. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. किराणा दुकानातली साखर स्वस्त झाली. पेट्यांत मधमाश्या पाळता येऊ लागल्या. तरुण पोरे शहरात कामाला गेली. आणि एक कारण चांगल्या हेतूने घडले आहे: वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी जी मोठमोठी उद्याने राखली गेली, त्यांतून पुष्कळ ठिकाणी माणसांना बाहेर काढले, विस्तव पेटवायला आणि मध काढायला बंदी केली. त्या उद्यानांत हत्ती राहिले, सिंह राहिले, वाटाड्या पक्षीही राहिला. पण ज्याच्याशी त्याचा हजारो पिढ्यांचा करार होता तो माणूस कुंपणाबाहेर गेला. नियासात हा व्यवहार अजून भरभराटीत दिसतो, कारण सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटरच्या त्या राखीव प्रदेशात माणसांची गावेही आहेत आणि तिथले याव लोक अजून कुऱ्हाड घेऊन मधाला जातात. आपल्याकडे अभयारण्यातून गावे उठवताना जो वाद होतो, त्यात या पक्ष्याची साक्ष कोणी काढलेली मी वाचलेली नाही.

पक्षी उपाशी मरणार नाही. मेण त्याला सोडून गेलेल्या पोळ्यांतून, पाळीव पेट्यांच्या आसपास मिळत राहील, किडेही तो खातो. पण नव्या पिढीच्या पक्ष्याने माणसाला कधी मोहोळ फोडताना पाहिलेच नाही तर त्या माणसाला हाक मारण्यात त्याला काय लाभ आहे? आणि याव बापाने पोराला ती ‘ब्र्र्र-ह्म्म’ शिकवलीच नाही, तर पक्ष्याने ओळखायचे कोणाला? आज तरी काही उद्यानांत पर्यटकांच्या तंबूजवळ किंवा उभ्या गाडीपाशी एक मातकट पक्षी येतो, जवळच्या फांदीवर बसून काड्यापेटी हलवल्यासारखा ओरडतो, थोडा पुढे जातो, वाट पाहतो, पुन्हा मागे येऊन ओरडतो. गाडीतली माणसे दुर्बिणीने सिंह शोधत असतात.